कोंडलेले बुडबुडे

आईला दमा. थिनरचा वास आला की तिचा श्वास अडकतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या कपाटांना पाण्याचे पॉलिश मारायचे ठरले, आणि मजुरी वाचावी म्हणून (शेवटी बँकेतला कारकून!) ते अस्मादिकांनीच मारायचे ठरले. भाड्याने स्प्रे गन आणली. खोकल्याच्या औषधासारखा डबा खळखळून हलवला आणि भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी, पंखा लावून एकच जाड हात मारला. तासाभराने पाहतो तो दारादारावर साबुदाणा!

"नक्षी छान जमलीय," सौ. म्हणाली.

शेवटी पॉलिशवाल्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी दारावरून बोट फिरवले. "साहेब, डबा हलवलात?" मी गप्प. "पंखा चालू होता?" मी आणखी गप्प. आमच्या शाखेत येणारा ऑडिटरही इतक्या सौम्यपणे अब्रू घेत नाही. हलवल्याने पॉलिशमध्ये हवा शिरते, आणि ती निसटायच्या आत वरची साय उन्हावाऱ्याने वाळते. बुडबुडा आत कोंडतो. अगदी आईच्या श्वासासारखा.

मग 320 नंबरचा पॉलिश पेपर घेऊन दोन रविवार घासत बसलो. नवा डबा काठीने हळूच ढवळला, गाळला, गनमधला हवेचा दाब कमी केला. पहाटे सहाला, पंखा बंद ठेवून पातळ हात मारला. तो वाळल्यावर दुसरा.

आई आत आली. मोठा श्वास घेतला. खोकली नाही!

"वास नाही हो कसला," ती म्हणाली, "पण सिलिंडरमागच्या दारावर साबुदाणा तसाच आहे की रे!"