अर्धा किलो अळीव

आमच्या कोपऱ्यावरचा वाणी मला ओळखतो तो अळिवामुळे. दरवर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी मी त्याच्याकडून पन्नास ग्रॅम अळीव नेतो. खायला नव्हे, किल्ल्यावर पेरायला. इमारतीतली पोरे किल्ला करतात आणि मी त्यांचा बिनपगारी मुकादम असतो. ओल्या मातीवर अळीव भुरभुरले की तीन-चार दिवसांत गडावर हिरवळ दिसू लागते. घरात मूल नसलेला माणूस दुसऱ्यांच्या मुलांतली दिवाळी अशी थोडी उसनी मागून घेतो.

यंदा मात्र गणपती जाऊन चार दिवस झाले नाहीत तोच मी दुकानात जाऊन म्हणालो, "अर्धा किलो अळीव द्या."

वाण्याने माझ्याकडे निरखून पाहिले. "साहेब, यंदा अख्खा रायगड बांधताय की काय?"

मी "हो" म्हणालो आणि पुडा घेऊन जवळजवळ पळ काढला.

वाचकांना खरे सांगायला हरकत नाही. हा अंक त्यांच्या हाती पडेल तेव्हा पाचवा महिना सरलेला असेल. आमच्याकडे बाळ यायचे आहे. लग्नाला अकरा वर्षे झाल्यावर! अळीव हवेत ते फाल्गुनात बाळंतिणीच्या लाडवांसाठी. पण आईची ताकीद होती, "बाळाच्या नावाने आधी काही आणू नये. किल्ल्याच्या नावाने आण."

अकरा वर्षे वाट पाहिली म्हटले की लोक नवराबायकोला सारखीच सहानुभूती वाटून देतात. आमच्या बाबतीत हा हिशेब चुकीचा आहे. चौथ्या वर्षी आम्ही दोघांनी तपासण्या करून घेतल्या. हिच्या कागदात काही वावगे नव्हते. माझ्या कागदात होते. शुक्राणूंची संख्या फारच कमी, असे डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितले. घरी येताना रिक्षात ही म्हणाली, "कुणाला सांगायची काही गरज नाही." तिचा तो मोठेपणा मी मुकाट्याने खिशात घातला. पुढे दोन वर्षे आई तिला सोमवार धरायला लावत होती, ती ते करत होती आणि मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो.

मग मामेबहिणीचे डोहाळजेवण आले. मी खुर्च्या मांडत दाराशी उभा होतो. ओटी भरायला ही तबक घेऊन उठली, तोच एका काकूंनी अगदी मायेने ते तिच्या हातून काढून घेतले. "तू बस गं, दमली असशील." ही हसली आणि बसली. ते हसणे मला सहन झाले नाही.

त्या रात्री आई वाती वळत बसली होती. मी म्हणालो, "आई, उणीव तिच्यात नाही, माझ्यात आहे. दोन वर्षे झाली मला कळून."

आईच्या हातातली वात तशीच राहिली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मग इतके उपास तिला का करू दिलेस?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आजही नाही. पुढच्या सोमवारी आईने स्वतः पान वाढून सुनेला जेवायला बसवले.

शास्त्राने आमच्यासारख्यांसाठी वाट केव्हाच काढून ठेवली होती. 1978 साली इंग्लंडमध्ये शरीराबाहेर फलन होऊन पहिले बाळ जन्मले. 1986 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी असेच बाळ जन्माला आणले. 1992 साली बेल्जियमच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू बारीक सुईने बीजांडात सोडण्याची युक्ती यशस्वी करून दाखवली. आमची उणीव भरून निघाली ती तिनेच. पण इथेही न्याय नाही. उणीव पुरुषाची असली तरी सुया टोचून घ्यायच्या बाईने! इंजेक्शन द्यायला मी शिकलो. तेवढेच माझ्या हाती होते. दोन प्रयत्न वाया गेले. दुसऱ्यानंतर तर आठवडाभर आम्ही एकमेकांशी मीठ-साखरेपलीकडे बोललो नाही. तिसरा उचलून धरला तो हिनेच.

सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत, गर्भलिंगनिदान केले जात नाही अशा पाटीखाली, पडद्यावर तांदळाएवढे काहीतरी लुकलुकताना दिसले. मी सवयीने ठोके मोजू लागलो. ही म्हणाली, "मोजत बसू नकोस रे. नुसतं बघ."

भीती अजून गेलेली नाही. रात्री हिने कूस बदलली तरी मी उठून बसतो. आईने अळिवाची बरणी वरच्या फळीवर ठेवली आहे आणि नशिबाला चकवण्यासाठी तिच्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली आहे : 'किल्ला'. ती चिठ्ठी वाचून ही परवा मोठ्याने हसली.

पोरांच्या गडाला त्यातले पन्नास ग्रॅम मिळतीलच. वाण्याला मात्र एकदा खरे सांगायला हवे. गप्प राहून मी एकदा फार मोठे कर्ज करून बसलो आहे.