ओझे नव्हे, लेकरू

मार्केट यार्डातील हमालबंधूंकडे आम्ही अनेकदा कौतुकाने पाहतो. पोते पाठीवर घेताना दुसऱ्याचा हात लागतोच. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या कष्टांना संरक्षण दिले. परंतु ज्या मातेचे अपंग लेकरू दरवर्षी वजनाने वाढते, तिच्या कमरेला संरक्षण कोणते? घरभेटींत हा प्रश्न आम्हांस छळतो.

रुग्ण उचलण्याचे यंत्र हा एक उपाय आहे. मात्र त्याला शिस्त हवी. झोळी मुलाच्या वजनमापाचीच असावी. मान न सावरणाऱ्यास डोक्याला आधार देणारी घ्यावी. शिवण व पट्टे प्रत्येक वेळी तपासावेत. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक लावावेत, यंत्राचे पाय रुंद करावेत. मूल गादीपासून किंचित वर येताच थांबून सर्व पट्टे नीट अडकले आहेत ना, हे पाहावे. झोळीतल्या मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. आणि उचलण्यापूर्वी त्याला तसे सांगावे. ते पोते नव्हे.

कफर्णहूम येथे पक्षाघाती मनुष्याला ख्रिस्तापुढे आणावयास चौघे लागले. मग हे काम एकट्या आईने का करावे? यंत्र असो वा नसो, शेजारच्या घरी दुसरा हात होऊन जाणे आपणांस खचितच शक्य आहे.