फलाटाची उंची

अम्मीला गुडघेदुखी. परवा एका जुन्या स्टेशनच्या बुटक्या फलाटावरून तिला डब्याची पायरी गाठता येईना. अनोळखी काकूंनी हात दिला.

आमच्या भंडारा जिल्ह्यातला हा लोहमार्ग १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेचा. आज ब्रॉडगेजच्या उंच फलाटाचे माप रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर. पण जुन्या इमारतीसमोर सरसकट भराव टाकला, तर जोते बुजते, दारे ठेंगणी होतात. म्हणून दुरुस्ती करताना भिंतीलगत जुनी पातळी राखावी, रुळाकडची बाजू उंच करावी, मधे सौम्य उतार आणि पाण्याला नाली द्यावी. कमानीही वाचतात, गुडघेही.

उताराचे हे गणित मी वर्गात घालते. मुले सोडवतात.

अम्मी मात्र विचारते, "बेटा, मेरे जीते जी होगा क्या?"

मी गप्प राहते.