कलम करायचा चाकू आणि कलम



आज पीक, फवारणी, बाजारभाव काही नाही. परवा घरी आलेल्या एका कृषी पदवीधर पोरानं टेबलावरची पेटी उघडून विचारलं, "काका, हे काय? चाकू आन् पेनं एकत्र कशाला ठेवल्यात?" त्याला थोडक्यात उत्तर दिलं, पण ते अर्धंच होतं. उरलेलं इथं लिहितो. त्यात माझी एक चूक आहे. डाळिंबवाल्यांनी ती जरूर वाचावी.

पेटीत अकरा चाकू आणि अकरा शाईची पेनं आहेत. प्रत्येक चाकूला एक पेन जोडलेलं. लोक रंगाला रंग जुळवतात, मी तसं करत नाही. आपल्याकडं बैलजोडी लावताना आधी खांदा बघतात, चाल बघतात, रंग शेवटी. मीही तसंच बघतो. जड मुठीच्या चाकूला जाड पेन. पातळ पात्याच्या डोळे भरायच्या चाकूला बारीक निबचं पेन. हातात धरल्यावर दोघांचं वजन एकसारखं वाटलं की जोडी जमली.

पहिली जोडी सगळ्यात स्वस्त. चाकू वडिलांचा, गावच्या लोहारानं जुन्या कानशीपासून घडवलेला, बाभळीची मूठ. पेन माझं, कॅमलिनचं, १९८६ ला दहावीच्या परीक्षेला घेतलेलं. आमच्या घरात चाकू पिढ्यान् पिढ्या होता, पेन नव्हतं. उजनीचं पाणी आलं आणि जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं तेव्हा मी लहान होतो. जमिनीच्या कागदांवर वडिलांनी अंगठे उठवले. कागदात काय लिहिलंय ते दुसऱ्यानं वाचून दाखवायचं आणि यांनी मान हलवायची. निळ्या शाईनं माखलेला तो अंगठा ते धोतराला पुसत होते, तेवढं मला चांगलं आठवतं. पुढं मी दहावी पास झालो तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "आता सही करून घेत जा, पण आधी वाचून." धरणाचं पाणी फार खाली जातं तेव्हा पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. २०२४ च्या उन्हाळ्यातही पडलं होतं. मी तिथं गेलो की दोन्ही खिशात असतात, वडिलांचा चाकू आणि माझं पेन.

आता चाकू आणि पेन एकत्र का, ते सांगतो. हे दोघं जुने सोयरे आहेत. पूर्वी बोरूनं लिहायचे तेव्हा बोरू तासायला चाकू लागायचा. आधी टोकाला तिरका छेद, मग मधोमध एक बारीक चीर. त्या चिरेतून शाई खाली उतरायची. आजच्या निबला मधोमध फट असते ना, ती तीच चीर. बोरू तासायच्या छोट्या चाकूला कलमतराश म्हणायचे. तराशणं म्हणजे तासणं. इंग्रजांकडं पिसाची लेखणी होती, तीही तासावी लागायची, म्हणून त्यांच्या खिशातल्या चाकूला आजही पेननाइफ म्हणतात. लिहिणाऱ्याजवळ चाकू असायचाच.

आणि शब्द बघा. लेखणीला कलम म्हणतात. आपण आंब्याचं, द्राक्षाचं, सीताफळाचं करतो त्यालाही कलमच म्हणतात. कायद्यातही कलम, आणि मुंडकं उडवलं तरी कलम केलं म्हणायचं. लेखणीचा छेद तिरका, पाचर कलमाच्या काडीचा छेदही तिरका. द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. डॉगरिजच्या खुंटावर आपण सप्टेंबरच्या आसपास पाचर बसवतो. काडीला दोन्ही बाजूंनी एका ओढीत सपाट छेद द्यावा लागतो, हात दोनदा फिरवला की छेद खडबडीत होतो. सालीखालचा हिरवा थर खुंटाच्या हिरव्या थराला चिकटून बसला तरच कलम जगतं. म्हणून कलमाच्या चाकूला बहुधा एकाच अंगानं धार असते. दुसरं अंग सपाट असतं, त्यामुळं छेद सपाट निघतो. भाजी कापायच्या चाकूला दोन्हीकडून धार असते, त्यानं हे काम नीट होत नाही.

पुण्याला गुलटेकडीत माल घेऊन गेलो होतो तेव्हा एकदा वेळ काढून शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघितलं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून घरगुती वस्तू जमवल्या आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावानं संग्रहालय केलं. अडकित्त्यांपुढं मी अर्धा तास उभा होतो. रोजच्या वापराची वस्तू माणसानं किती जीव लावून घडवावी! तिथून आल्यावर माझा नाद वाढला, हे कबूल करतो. आणि नाद वाढला की माणूस वस्तूची काळजी करायला लागतो, कामाची नाही. माझं तेच झालं.

आमच्या एका सोयऱ्याचा मुलगा जर्मनीत होता. त्याला सांगून मी एक कलमाचा चाकू मागवला, टिनाचा. रॉयटलिंगेन गावात १८५४ पासून हे लोक चाकू करतात. अक्रोडाची मूठ, कार्बन स्टीलचं पातं. धार अशी की मनगटावरचे केस उडायचे. त्याला जोडी म्हणून काळ्या एबोनाइटचं, हातानं कातलेलं पेन ठेवलं. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, हातात धरलं की लाकडासारखं ऊबदार लागतं. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी १९३२ पासून असली पेनं केली आणि त्यातलं एक गांधीजींना दिलं होतं. ही माझ्या पेटीतली सगळ्यात देखणी जोडी होती.

२००७ चा पावसाळा. माझ्याकडं दोन एकर भगवा होता. बांधाला बांध लागून आबांची बाग, माझ्यापेक्षा चांगली. आबा नात्यानं कोणी नाहीत, पण आम्ही पोरं त्यांच्याच खळ्यावर वाढलो. रोपांना मागणी होती, म्हणून गुट्या बांधायचं ठरलं. आबांच्या बागेतल्या गुट्या निम्म्या वाट्यानं. पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी घ्यायची, इंचभर साल गोल काढायची, संजीवक लावायचं, ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लास्टिक बांधायचं. साल काढायचं काम माझं, बांधायला दोन बाया.

हत्यार निर्जंतुक करायचं मला माहीत होतं. तेल्या तेव्हा सगळीकडं धुमाकूळ घालत होता. प्रत्येक झाडानंतर हत्यार सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा, असं प्रत्येक मेळाव्यात सांगायचे. पण हायपोक्लोराइट कार्बन स्टीलला खातं. मी एकदा बुडवला होता, तर संध्याकाळपर्यंत पात्यावर तांबूस डाग आले. ते घासताना माझाच जीव कासावीस झाला. मग मी मनाशी ठरवलं, आपली बाग तर स्वच्छ दिसतीय, फडक्यानं पुसलं की झालं.

त्या दिवशी सकाळी माझ्या बागेतल्या शेवटच्या ओळीतली झाडं केली आणि तसाच बांध ओलांडून आबांच्या बागेत गेलो. दुपारपर्यंत बावीस झाडं झाली. जेवायला बसलो तेव्हा चाकूची धार उतरल्यासारखी वाटली. घरी जाऊन सावकाश लावू म्हणून तो पिशवीत ठेवला आणि दुपारनंतरची वीस झाडं दुसऱ्या चाकूनं केली, साधा स्टेनलेसचा, लाल मुठीचा. वाटणीचा हिशोब नीट राहावा म्हणून मी झाड नंबर आणि गुट्या किती ते क्रमानं वहीत लिहीत होतो. चाकू बदलला तेही लिहिलं, कारण कुठली धार किती झाडं टिकते याची नोंद ठेवायची मला सवय. त्याच एबोनाइटच्या पेनानं, काळ्या शाईत.

वीसेक दिवसांनी आबांचा निरोप आला. जाऊन बघतो तर पानांवर तेलकट डाग, गुटी बांधलेल्या काड्यांचे पेरे काळे पडलेले. आबा म्हणाले, "पावसाचं वारं तुझ्याकडनं आलं का माझ्याकडनं गेलं, कुणास ठावं." माझ्या शेवटच्या ओळीतही चार झाडं लागली होती.

डाळिंबातले एक जाणकार साहेब बघायला आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती झाडांनंतर हत्यार बुडवत होतात?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो.

रात्री वही उघडली. आबांच्या बागेत फिरून लागलेल्या झाडांचे नंबर एका कागदावर घेतले होते, ते वहीशी लावून बघितले. आबांची एकूण सतरा झाडं लागली होती. सतराच्या सतरा पहिल्या बावीसमधली. सुरवातीची बारा तर ओळीनं सगळी, पुढं विरळ होत गेलेली. लाल मुठीच्या चाकूची वीस झाडं स्वच्छ. त्याच ओळीतली, ज्यांना गुटी बांधलीच नव्हती तीही स्वच्छ. तेल्या वाऱ्यापावसानंही पसरतो हे खरंय. पण वारा माझ्या वहीतल्या क्रमानं कशाला जाईल?

खोटं कशाला सांगू, ते पान फाडावं असं वाटलं. फाडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. आबांनी पावसाला दोष दिलाच होता. निळ्या धुऊन जाणाऱ्या शाईत लिहिलं असतं तर वही भिजली म्हणायला वाव होता. तासभर तसाच बसून राहिलो. वडिलांचा अंगठा आठवला. ज्याला वाचता येत नव्हतं त्यानं मला वाचून सही करायला सांगितलं होतं, आणि मी माझंच लिहिलेलं लपवायला निघालो होतो.

सकाळी वही घेऊन आबांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चाकू जपलास, झाडं नाय जपलीस." एवढंच. पंधरा दिवस त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मग स्वतःच आले आणि म्हणाले, "ती यादी आण, फांद्या काढायच्यात." आम्ही दोघांनी मिळून रोगट फांद्या काढून जाळल्या. दोन्ही बागांतल्या गुट्या, निरोगी दिसणाऱ्या झाडांवरच्याही, एकही न विकता जाळल्या. एवढी रोपं गेली असती तर रोग कुठं कुठं पोचला असता, याचा विचार करून आजही झोप उडते. पुढच्या वर्षी आबांनी मला कामाला बोलावलं, पण अट घातली, "बादली आधी, चाकू मागनं."

तेव्हापासून मी असं करतो.

डाळिंबात कायम दोन स्टेनलेस चाकू, तसंच दोन कात्र्या. एक हातात, एक द्रावणात. झाड संपलं की अदलाबदल. हायपोक्लोराइट १ टक्का धरायचं. बाटलीवर किती टक्के लिहिलंय ते बघून पातळ करा. ४ टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावणाला तीन भाग पाणी. उन्हात त्याची ताकद उतरते, म्हणून सावलीत ठेवा आणि रोज ताजं करा. संध्याकाळी हत्यार साध्या पाण्यानं धुऊन, कोरडं करून शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा.

कार्बन स्टीलचा चाकू फक्त द्राक्षाच्या कलमाला. तो ७० टक्के स्पिरिटनं पुसतो. स्पिरिट लगेच वाळतं, गंज धरत नाही. जवळ विडीकाडी मात्र नको.

झाडाच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर शाई टिकत नाही, तिथं पेन्सिल वापरा. पेन फक्त वहीसाठी, वही प्लास्टिकच्या पिशवीत. तारीख, ओळ, झाड नंबर, हत्यार कुठलं, एवढं लिहाच. अंदाजानं दुसऱ्या दिवशी लिहू नका.

चाकू आणि पेन दोन्ही उसनं देऊ नका. चाकूला धार लावायचा प्रत्येकाचा कोन वेगळा, आणि निबचं टोक लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणं झिजतं. दुसऱ्याच्या हातात गेलं की दोन्ही बिघडतात.

तो टिना अजून पेटीत आहे. पात्यावरचे तांबूस डाग मी पुढं घासून काढले नाहीत. शेजारी ते एबोनाइटचं पेन. त्या पोरानं विचारलं ती जोडी हीच. ती वहीही पेटीत आहे, पान आहे तसंच आहे. आबा आता थकलेत, पण आले की ते पान काढायला लावतात आणि आलेल्या पाहुण्याला वाचून दाखवायला सांगतात. मी वाचतो.

तुमच्या घरात माळ्यावर बोरू तासायचा चाकू, जुनी दौत, आजोबांचं पेन पडलेलं असेल तर भंगारात घालू नका. फोटो पाठवा, जोडी आपण लावू. आणि उद्या बागेत जाणार असाल तर बादली आधी.

राम राम.