जवळ धरलेली चावी

साकोली हे रस्त्याचं गाव. नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग, पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा 53, इथून जातो. लाखनी सोडली की मोहघाट्याचं जंगल, ते संपलं की आमचं गाव, आणि पुढे देवरीकडे पुन्हा झाडीच झाडी. हिवाळ्यात इथली पहाट फार बोचरी असते. धानाच्या बांध्यांवर धुकं बसलेलं असतं. अशा पहाटे नागझिऱ्यात शिरायला पिटेझरीच्या गेटाकडे निघालेल्या पाहुण्यांची गाडी अंगणातच अडते. इंजिन सुरू करायचं बटण दाबलं की समोरच्या पडद्यावर चावी सापडत नसल्याची सूचना उमटते. चावी तर हातातच असते.

आमच्याकडे गाडी अडली की माणसं आधी तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहतात. कुणाला बोलवावं लागत नाही. शाल काखेत मारून, "चला जी, मारा धक्का" म्हणत शेजारी येतात, आणि ही सवय मला या मातीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पण बटणाच्या गाडीला धक्क्याचं पुण्य पोचत नाही. चावीची ओळख पटल्याशिवाय गाडीतला संगणक इंजिन सुरूच होऊ देत नाही, मग चाकं कितीही फिरवा. चोरांपासूनची ही राखण युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली, आणि आता ती आपल्या अंगणातही उभी आहे.

ही ओळख पटते कशी, ते कळलं तेव्हापासून मला चावीच्या त्या काळ्या डबीबद्दल माया वाटू लागली. आपण दाराला हात लावतो किंवा बटण दाबतो, तेव्हा गाडी हळू आवाजात साद घालते. तिची साद साधारण 125 किलोहर्ट्झची, मुद्दाम तोकडी, मीटर-दीड मीटरवर विरून जाणारी. ती कानावर पडली की चावी जागी होते आणि बऱ्याच गाड्यांमध्ये 433 मेगाहर्ट्झवर उत्तर देते. गाडी दर वेळी नवा आकडा विचारते आणि चावीने तो आपल्या गुप्त सूत्रातून फिरवून परत द्यायचा. कालचं उत्तर आज चालत नाही. क्षणभरात हे सारं आटोपतं आणि आपल्याला फक्त इंजिनाची घरघर ऐकू येते.

या संवादाचा सगळा भार बहुधा 2032 नंबरच्या गोल सेलवर असतो. वीस मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड, तीन व्होल्टचा. गारठ्यात त्याची ताकद मंदावते. म्हणून पहाटे अडलेली गाडी दुपारी उन्हात निमूट सुरू होते आणि माणूस चक्रावतो. हेच खरं तर सेल संपत आल्याचं लक्षण. दार उघडायला चावीवरचं बटण दोनदा-तीनदा दाबावं लागणं, हे त्याच्याही आधीचं.

मग करायचं काय? शेजारच्या पोराने अशाच एका पहाटे सांगितलं ते इतकंच, "काका, चाबी बटनाले टेकवून धरा जी, मंग दाबा." गाडी सुरू झाली! सेल संपला तरी चावी मुकी होत नाही. तिच्या पोटात तारेचं एक वेटोळं आणि एक चिप असते. बटणाभोवतीच्या वेटोळ्यातून गाडी चुंबकीय लहर सोडते, आणि त्या लहरीतून चावीत आपोआप वीज उपजते, गावच्या डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उपजते तशीच. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं हे तत्त्व. अट एकच, अगदी जवळ यायचं. काही गाड्यांत ही जागा बटणावर नसून कप ठेवायच्या खोबणीत किंवा स्टिअरिंगच्या दांड्यापाशी असते. ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. दार उघडत नसेल तर डबीच्या बगलेतला खटका सरकवला की आत लपलेलं साधं लोखंडी पातं बाहेर येतं.

अर्थात दोष दर वेळी चावीचा नसतो. दार उघडल्यावर आतला दिवा पेटला नाही, किंवा बटण दाबल्यावर नुसतंच टिकटिक वाजलं, तर गाडीची मोठी बॅटरी उतरली असं समजावं. दिवे झगझगीत पण इंजिन गप्प, तर ब्रेक दाबून मागचे लाल दिवे लागतात का ते कुणाला तरी बघायला सांगावं. ते लागले नाहीत, तर ब्रेक दाबल्याचं गाडीला कळतच नाही, म्हणून ती सुरू होत नाही. गिअरची गाडी असेल तर क्लच पुरता दाबलाय ना, तेही पाहावं. चावीला खेटून मोबाइल किंवा पॉवर बँक ठेवली असेल तर आधी ती दूर करावी, कारण त्या गोंगाटात गाडीची साद बुडून जाते.

सेल बदलायला मी घड्याळवाल्याकडे जातो. तो डोळ्याला भिंग लावतो, नखाएवढ्या फटीत पातळ पेचकस घालून डबी उकलतो, जुना सेल कसा बसला होता ते नीट पाहतो, नवा कापडाने पुसून, बोट न लावता, अधिकची बाजू जुळवून बसवतो. सेल काढला की चावी गाडीला विसरते, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं, तिची आठवण चिपमध्ये कोरलेली असते.

नवी गाडी घेताना हार, नारळ, पेढे, फोटो सगळं होतं. त्याच वेळी विक्रेत्याला म्हणावं, चावीतला सेल काढा आणि तशीच गाडी सुरू करून दाखवा. घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याने ते एकदा आपल्या हाताने करून बघावं. मोहघाट्याच्या अंधारात सेलचं दुकान नसतं. आणि एका चावीचा सेल बदलाल त्या दिवशी कपाटातल्या दुसऱ्या चावीचाही बदला. वापर नसला तरी ती गाडीच्या सादेसाठी कान लावून बसलेली असते, आणि तेवढ्यानेही सेल झिजतो.