नोंद वेगळ्या वहीत हवी

आज माझ्याच चुकीचा पाठ मांडतो.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी आम्ही ऑनलाइन फी भरण्याची प्रणाली केली. जावा भाषेतली, सर्व्हरवर चालणारी, एंटरप्राइज जावाबीन्स म्हणजे ईजेबी वापरून. परीक्षा अर्जाच्या शेवटच्या दिवशी एक पालक आले. बँकेतून पैसे गेलेले, आमच्याकडे मात्र फी बाकी. "तुमची नोंदच नाही," असं मी सांगून मोकळा झालो. त्यांनी गुपचूप मोबाइलवरचा बँकेचा मेसेज पुढे केला. मुलीचा अर्ज आम्ही हाताने भरून घेतला खरा, पण त्या माऊलीला आधी खोटं ठरवलं होतं ते मीच.

चूक शोधली तेव्हा कळलं. काय घडलं याची नोंद, म्हणजे लॉग, मी डेटाबेसमधल्या एका तक्त्यात लिहीत होतो, तीही फीच्याच व्यवहारात. ईजेबीमध्ये व्यवहार कंटेनर सांभाळतो. मध्येच बिघाड झाला की तो सगळं पूर्ववत करतो; याला रोलबॅक म्हणतात. त्यात फीची नोंद पुसली गेली आणि बिघाडाचीही! जेव्हा नोंद हवी, नेमकी तेव्हाच ती गायब.

आम्ही कान्हे गावचे. रेल्वे फाटक लागलं की थांबायची सवय लहानपणापासूनची. रेल्वेत गेटमन आणि स्टेशनमास्तर गाडीबद्दल फोनवर बोलताना एकमेकांना खासगी क्रमांक देतात आणि दोघंही आपापल्या वहीत लिहितात. एक वही हरवली तरी दुसरी बोलते. मला हवं होतं ते हेच.

मग पर्याय काय होते? सरळ फाइल उघडून लिहावं, तर ईजेबीच्या जुन्या नियमांत बीनने स्वतः फाइल वाचणं-लिहिणं वर्ज्य होतं. कारण तेच बीन एकाच वेळी दोन-तीन मशिनवर चालू शकतं. मग नेमकी फाइल कुठली? 'प्रिंट' करून सोडून द्यावं, तर किरकोळ आणि गंभीर सगळं एकाच ढिगात.

शेवटी दोन वेगळ्या वह्या केल्या. रोजच्या तांत्रिक नोंदींसाठी एसएलएफफोरजे घेतलं. कोडने फक्त काय घडलं आणि ते किती गंभीर, एवढंच सांगायचं. कुठे लिहायचं ते सर्व्हरच्या मांडणीत ठरतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीत १० पैकी १० तीव्रतेची त्रुटी उघड झाली, तेव्हा या वेगळेपणाचं मोल कळलं. कोड लायब्ररीला चिकटलेला नसेल, तर लायब्ररी बदलणं सोपं जातं.

पैशांच्या नोंदी डेटाबेसमध्येच ठेवल्या, पण 'रिक्वायर्स न्यू' लावून, म्हणजे स्वतंत्र व्यवहारात. फी रोलबॅक झाली तरी नोंद टिकते. पहिल्यांदा तेही फसलं, कारण ती मेथड त्याच बीनमध्ये होती. बीनने स्वतःच्याच मेथडला थेट हाक मारली की मध्ये कंटेनर येतच नाही, मग नवा व्यवहार उघडणार कोण? मेथड वेगळ्या बीनमध्ये हलवली, तेव्हा काम झालं.

आणखी एक पथ्य पाळलं. पासवर्ड, आधार क्रमांक लॉगमध्ये लिहायचे नाहीत. लॉग अनेकांच्या हाती जातो.

वर्गात हा धडा घेताना मी आधी मुलांना विचारतो, "हजेरीपट भिजला, तर तू त्या दिवशी शाळेत होतास हे कसं सिद्ध करशील?" मुलं पोषण आहाराची वही सांगतात, गृहपाठावरची बाईंची तारीख सांगतात. मग मी फळ्यावर कोड लिहितो आणि विचारतो, "यातलं काय पुसलं जाईल आणि काय उरेल?" ते उत्तर आलं की पुढचा धडा.

त्या पालकांची माफी मी त्याच आठवड्यात घरी जाऊन मागितली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "सर, पुढच्या माणसाला तरी आधी मेसेज विचारा."