दोन बाजूंची मापे

काशीच्या ब्रह्माघाटावरच्या आमच्या वाड्यात आरसा एकच होता, आणि तोही खिडकीच्या चौकटीला टांगलेला, कुंकू कपाळाच्या मधोमध लागले की नाही एवढेच सांगण्याच्या योग्यतेचा. त्यामुळे गळ्याखालच्या आपल्या शरीराशी आम्हां मुलींची ओळख आरशाने करून दिली नाही, ती शिंप्याच्या फितीने करून दिली. पंचगंगेपासून दुर्गाघाट-रामघाटापर्यंतच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या दक्षिणी कुटुंबांचा रिवाज असा होता की, लुगडी पुण्या-नागपुराहून येणाऱ्याजाणाऱ्याने आणावीत आणि पोलकी मात्र गल्लीच्या तोंडावरच्या मास्टरकडून शिवून घ्यावीत. मास्टर छातीभोवती फीत एकदाच फिरवी, आकडा मोठ्याने बोले, त्याचा पोऱ्या तो वहीत टिपून घेई. मग कापड मधोमध दुमडून, त्यावर खडूने अर्ध्या शरीराची आकृती काढून, दोन्ही पुढे एकाच कात्रीखाली कापले जात. अर्धे शरीर मोजले की उरलेले अर्धे त्याच्यासारखेच असणार, हे त्या धंद्यात इतके गृहीत धरलेले होते की त्याची वाच्यता करण्याचीही कोणाला गरज वाटत नसे.

माझे पोलके शिवून आले ते डावीकडे काचणारे आणि उजवीकडे झोळ पडलेले. आईने ते परत पाठवले. मास्टरने टक्स उसवून पुन्हा घातले. झोळ तेथेच राहिला. तिसऱ्या खेपेस त्याने वही उघडून आकडा दाखवला, फीत पुन्हा लावून तो आकडा ताडून दाखवला, आणि ‘नाप तो बिलकुल ठीक है’ असा निर्वाळा देऊन प्रकरण निकालात काढले. माप ठीक, कात्री ठीक, शिलाई ठीक. तेव्हा दोष कोठे आहे हे ठरवण्यास फार मोठ्या तर्कशास्त्राची आवश्यकता नव्हती. आई काही बोलली नाही. तिने आतून कापसाची एक पातळ घडी टाचून दिली, आणि त्या घडीबरोबर ही गोष्ट लपवण्याची आहे हा हुकूमही, एका अक्षराचा उच्चार न होता, माझ्यावर बजावला गेला.

कमीपणाची भावना मनात राहते असे आपण म्हणतो, परंतु माझा अनुभव असा की ती मनात फार थोडा वेळ राहते आणि मग खांद्यात, मानेत, चालण्यात कायमची वस्तीस जाते. मी पुस्तके उजव्या कुशीशी धरू लागले. समूहछायाचित्राच्या वेळी रांगेच्या अशा टोकास उभी राहू लागले की माझी डावी बाजूच पुढे यावी. काशी हिंदू विद्यापीठाच्या महिला महाविद्यालयात, जे 1929 पासून उत्तरेतल्या कितीतरी मुलींना पदवीपर्यंत घेऊन गेले आहे, मी वक्तृत्वाच्या स्पर्धेत नाव घालून आयत्या वेळी काढून घेतले. कारण व्यासपीठावर दोन्ही हात मोकळे ठेवावे लागतात आणि समोरच्या दीडदोनशे डोळ्यांना दुसरे पाहण्यासारखे काही नसते. विषय तयार होता, भाषण पाठ होते. त्याच सुमारास मी पाठीमागून उजव्या खांद्यावरून पुढे आणून छातीवर चादरीसारखा पसरण्याचा इकडचा ‘सीधा पल्ला’ घेऊ लागले, तेव्हा आत्याने ‘पोरगी अगदी बनारसी झाली’ म्हणून वाड्यात कौतुक सांगितले. डाव्या खांद्यावर जाणाऱ्या आपल्या पदरापेक्षा या पदरात उजवी बाजू पुरती झाकते, एवढेच त्या संस्कृतिसंगमाचे मर्म होते!

या शहरात ही लज्जा जोपासणे खरे पाहता अवघड आहे. काशी हे देहाला आडपडदा न ठेवणारे क्षेत्र. जन्मभर झाकलेले शरीर शेवटी उघड्यावर चितेवर चढवायचे, ही येथली नित्याची रहाटी, आणि तिचे सावट जिवंत देहांच्या वागण्यावरही पडलेले असते. कार्तिकात पहाटे पंचगंगेवर स्नानास जाण्याचा आमच्या घरचा परिपाठ होता. बांबूंच्या टोकांना टांगलेल्या करंड्यांतले आकाशदिवे अद्याप मिणमिणत असत, अहल्याबाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडी हजारा-दीपमाळेपाशी ओलसर काळोख असे, आणि पायऱ्यांवर साऱ्या वस्तीतल्या वृद्धा, बंगाली, तेलंगी, मारवाडी, आमच्या दक्षिणी, कोरडे नेसताना एकमेकींशी भाजीच्या भावाविषयी बोलत असत. मी धुण्याचा पिळा छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभी असे. पण डोळे काही भिंतीकडे राहत नसत. ज्या स्त्रियांना मी आजी, मावशी, माताजी म्हणत होते, त्यांपैकी एकीचेही शरीर मास्टरच्या दुमडलेल्या कापडातून निघालेले नव्हते. एकीचे एक वक्ष नाभीकडे उतरलेले आणि दुसरे जेथल्या तेथे. एकीच्या उजवीकडे जुन्या गळवाचा खोल वण. एकीच्या डावीकडे काहीच नव्हते, केवळ शस्त्रक्रियेची फिकट रेषा होती, आणि त्या रेषेवरून ती गंगेचे पाणी इतरांप्रमाणेच ओंजळीने सोडत होती. हे सारे मी पाहत होते आणि तरीही त्यातून माझ्यापुरता अर्थ काढीत नव्हते. त्या वृद्धा होत्या. त्यांना कोणी पाहणार नव्हते. असा एक निर्दय विचार करून मी तो पुरावा फेटाळून लावी.

कारण माझ्यासमोर दुसरे पुरावे होते. संस्कृतच्या तासाला जे जे काव्य नेमलेले असे त्यात नायिकेच्या वक्षाला कलशांची उपमा ठरलेली, आणि कलश म्हटला की जोडीचा. पाटण्याजवळ दीदारगंजच्या गंगाकाठी 1917 साली सापडलेली यक्षी मी प्रथम पुस्तकातल्या चित्रात पाहिली. तिच्या मौर्यकालीन म्हणून गाजलेल्या झिलईपेक्षा शिल्पकाराने दोन्ही बाजूंना केलेल्या काटेकोर न्यायानेच मी अधिक खट्टू झाले. पुढे लग्नानंतर मुंबईस गेले असता घारापुरीच्या लेण्यात अर्धनारीश्वर पाहिला. एका बाजूस सपाट पुरुषी छाती आणि दुसऱ्या बाजूस एकच भरदार स्तन, असा तो विषम देह, आणि त्या प्रचंड मूर्तीच्या उभे राहण्यात संकोचाचा मागमूस नाही. त्या दर्शनाने माझे समाधान झाले असे मात्र लिहिणार नाही. देवाला जे शोभते ते शोभण्यासाठी देव असावे लागते, आणि देवाला पोलके शिवावे लागत नाही.

खरे समाधान, किंवा निदान खरी माहिती, मला एका डॉक्टरीणबाईंकडून मिळाली, आणि तीही पहिल्या बाळंतपणाच्या निमित्ताने. त्यांनी सांगितले ते असे: दोन्ही स्तन तंतोतंत सारखे असणे हीच विरळा गोष्ट आहे, मुलगी वयात येताना पुष्कळदा एक बाजू आधी धरते आणि दुसरी काही महिन्यांनी, रक्तातून वाहणारे संप्रेरक दोन्हींकडे तेच पोहोचते, परंतु त्याला प्रतिसाद देणारी पेशीजालाची वृत्ती दोन्हींकडे एक नसते, आणि बहुधा डावी बाजू किंचित मोठी आढळते. क्वचित छातीचा स्नायूच एका बाजूस जन्मतः अपुरा असतो. लंडनच्या गायज रुग्णालयात आल्फ्रेड पोलंड याने 1841 मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्या विकृतीला त्याचे नाव आहे. माझे तसे नव्हते. माझे ‘काही नव्हते’. इतकी वर्षे ज्याला मी व्यंग म्हणून पोसले, ते एका वाक्यात खारीज झाले, आणि चमत्कार असा की मला आनंदाऐवजी किंचित अपमानच वाटला.

दवाखान्यातून परतल्यावर घरच्या जुन्या सुश्रुतसंहितेची पाने मी चाळली. काशिराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुताला शल्यविद्या शिकवली अशी परंपरा असल्यामुळे त्या ग्रंथाविषयी येथल्या वैद्यांना गाववाल्यासारखे ममत्व असते. निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात स्तनरोग आहेत. मला हवे होते ते तेथे सापडले नाही. पण शारीरस्थानात, गर्भिणीच्या उजव्या स्तनात आधी दूध दिसले तर पुत्र होतो, असे एक लक्षण दिले आहे. पुत्राची गोष्ट आपण सोडून देऊ. परंतु उजवे आणि डावे यांची चाल एक नसते, हे या नगरीच्या प्राचीन वैद्यांनी बायकांना तपासताना पाहिले होते आणि रोगांच्या यादीत न घालता नोंदवले होते, हे मला त्या रात्री फार महत्त्वाचे वाटले.

मुलगी झाली, आणि तिने माझ्या साऱ्या हिशेबाची उलथापालथ केली. अंगावर पाजायला घेतले की ती लहान बाजूसच रमे. मोठीकडे वळवली तर पाठ ताठ करून रडे. सासूबाई प्रथम म्हणाल्या, ‘तिकडे दूध कमी असेल, पोरीचे पोट भरायचे नाही.’ पण बाळ भरत गेले, आणि ज्या बाजूस मी कापूस घालीत आले होते तिकडचे पोलके दुधाने भिजू लागले. स्तनाचा आकार बराचसा चरबीचा असतो, दूध करणाऱ्या ग्रंथींचा हिशेब वेगळा; शिवाय प्रत्येक बाजू आपल्यापुरते दूध आपण बनवते, जितके रिते होईल तितके भरते, हे पुढे वाचनात आले. त्या दिवसांत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसू लागल्या होत्या. मुलीचे दूध तुटले आणि पूर्वस्थिती रुजू झाली. यजमानांनी या सर्व स्थित्यंतरांत चकार शब्द काढला नाही. ते सौजन्य होते की त्यांच्या ध्यानातच काही आले नव्हते, हे विचारण्याचा धीर मला त्यांच्या हयातीत झाला नाही.

आणि तरी, डॉक्टरीणबाई, सुश्रुत आणि मुलगी अशा तीन साक्षी झाल्यावरही, माझा खांदा पुढे झुकलेलाच राहिला. बुद्धीला पटलेले खांद्याला कळवण्याची तजवीज निसर्गाने केलेली दिसत नाही. बाजारातल्या तयार कंचुक्यांनी तर झुकण्यास नवे कारण दिले. 1932 मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने छातीच्या उठावाला अक्षरांची श्रेणी लावली, तेव्हापासून जगातल्या स्त्रिया त्या अक्षरांत विभागल्या गेल्या. पण एका स्त्रीला दोन अक्षरे लागू शकतात, ही शक्यता कारखान्याला परवडणारी नव्हती.

खांदा सरळ झाला तो भेलूपुऱ्यात खोलीवजा दुकान थाटून बसलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईमुळे. भाचीच्या लग्नासाठी मदनपुऱ्यातून आणलेल्या जरीच्या साडीवर पोलके हवे होते, आणि आमचा जुना मास्टर वारला होता. बाईने पडदा ओढला, फीत मधल्या हाडापासून उजव्या काखेपर्यंत धरली, आकडा वहीत लिहिला. मग तीच फीत मधल्या हाडापासून डाव्या काखेपर्यंत धरली, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या शेजारी लिहिला. मी सवयीने म्हटले, माझे जरा वेगळे आहे. तिने तोंडातली टाचणी काढून म्हटले, ‘सबके होला, बहिनी’, आणि टाचणी पुन्हा दातांत धरून बाहीचे माप घेऊ लागली. वहीची मागची पाने माझ्यासमोर उघडीच होती: नावापुढे नाव, आणि प्रत्येक नावापुढे दोन रकाने, उजवा आणि डावा. पुष्कळ ठिकाणी त्यांतले आकडे एक नव्हते. कापड तिने दुमडले नाही. एकेक पुढा निराळा कापला. त्या पोलक्याला झोळ नव्हता, आणि ज्याला झोळ नाही त्यावर पदर कसाही घेता येतो.

माझ्या पुतणीने पुण्यास शस्त्रक्रिया करून दोन्ही बाजू सारख्या करून घेतल्या. तिचा फरक माझ्याहून पुष्कळ अधिक होता. पोहण्याची आवड असून ती तलावात उतरत नसे. व्रण राहतात, स्पर्शाची जाणीव कमी होऊ शकते, घातलेला कृत्रिम भाग आजन्म टिकेल असे नाही, पुढे अंगावर पाजण्यास अडचण येऊ शकते, हे सारे ऐकून घेऊन तिने संमतिपत्रावर सही केली, आणि आता ती पोहते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘देवाने दिलेले शरीर’ वगैरे बोल लावले, तेव्हा मी तिची बाजू घेतली. मला जे दुकानात मिळाले ते तिला दवाखान्यात मिळाले असेल, तर त्यावर निवाडा देण्याचा अधिकार मला कोणी दिला?

2019 मध्ये विद्यापीठाच्या आवारात कर्करोगाचे मोठे रुग्णालय उघडले, आणि त्यानंतर आमच्या वयाच्या बायकांत स्तनांच्या तपासणीचा विषय मोकळेपणाने निघू लागला. शेजारणीच्या आग्रहाने तिच्याबरोबर मीही एका ठिकाणी जाऊन आले. तपासणारी डॉक्टर माझ्या मुलीहून लहान. तिने दोन्ही बाजू हाताने चाचपल्या, थांबली, आणि कागदावरून मान वर करून विचारले, हा फरक कधीपासूनचा? नव्याने आलेला असेल तर पुढे तपासावा लागतो, जुना असेल तर नाही, एवढाच तिच्या प्रश्नाचा आशय होता. मी म्हटले, पहिल्या पोलक्यापासूनचा. ती हसली, फर्दीवर ‘पूर्वीपासून’ असे लिहून खाली रेघ ओढली, आणि रांगेतल्या पुढच्या बाईला हाक मारली.